दादांचं पोट आणि गल्लीतले वैद्य

सलूनचे मालक दादा स्वभावानं अबोल होते. केस कापणारा अबोल असला की गिऱ्हाइकाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. खुर्चीत बसणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. हात सफाईचा हवा आणि तोंड चालू हवं. पैकी हात दादांचा होता, आणि त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा आसपासच्या गल्ल्यांत कुणी नव्हता. तोंड मात्र होतं थोरल्या भावाचं.

दुकान थोरल्यानंच काढलेलं. दादा शाळेत रमेनात तेव्हा त्यानं त्यांना हाताशी घेतलं आणि पहिला धडा दिला तो स्वतःच्याच डोक्यावर. "काप," म्हणाला, "माझंच डोकं आहे, पळून जाणार नाही." दादांनी कापलं. पुढचा महिनाभर थोरला डोक्यावर जिना घेऊन हिंडत होता, आणि कुणी हसलं की छाती फुगवून सांगत होता, "धाकट्यानं कापलेत. पायरी पायरीनं शिकतोय."

मग कित्येक वर्षं दोघं पाठीला पाठ लावून काम करत राहिले. थोरला आपल्या गिऱ्हाइकाशी बोलायचा आणि आरशातून दादांच्या गिऱ्हाइकाशीही बोलायचा. सरकारपासून बुटांच्या सोलपर्यंत त्याला कुठलाच विषय वर्ज्य नव्हता. दादा मान खाली घालून कात्री चालवायचे आणि अधूनमधून गालातल्या गालात हसायचे. त्यांचं बोलणं तेवढंच. त्यांच्या बायकोला कुणी विचारलं, "घरी तरी बोलतात का गं?" तर ती म्हणे, "बोलतात की. 'हं' म्हणतात, 'हंहं' म्हणतात, आणि फारच खुशीत असले तर 'बरं' म्हणतात."

थोरला गेला तो पोटाच्याच दुखण्यानं. त्यानंतर दुकानात उरला तो कात्रीचा आवाज आणि कोपऱ्यातला रेडिओ. लोक यायचे, दोन शब्द हळहळायचे, मग आरशात बघत गप्प बसायचे. दादांना कळत होतं की आपण काहीतरी बोलायला हवं. पण काय बोलायचं? "पाऊस पडेल असं वाटतंय," एवढं एक वाक्य ते मनात घोळवून तयार करत, आणि ते ओठांवर येईपर्यंत गिऱ्हाइकाची दाढी उरकलेली असे. काही जण पलीकडच्या चौकात, टीव्ही लावलेल्या नव्या दुकानात जायला लागले.

अशात दादांचं पोट बिघडलं.

म्हणजे नक्की काय झालं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. उजव्या बरगडीखाली काहीतरी जड येऊन बसल्यासारखं वाटायचं. जेवलं की पोट तट्ट फुगायचं, नाही जेवलं की आत खड्डा पडायचा. ढेकर येता येता वाटेत अडायचा. सकाळी तोंड कडू. दुपारनंतर अंगातलं बळ असं जायचं की वस्तरा खाली ठेवून घटकाभर भिंतीला टेकावं लागायचं. "कुठं दुखतं?" असं विचारलं की दादा पाची बोटं पोटावर गोल फिरवायचे आणि म्हणायचे, "इथं. कुठंतरी."

एका सकाळी बँकेतले कॅशियर खुर्चीत बसले होते. आरशात त्यांना दिसलं की दादांचा एक हात पोटावर आहे.

"काय दादा, पोट का?"

"हो. जरा."

त्या 'जरा'नं धरणाचं दारच उघडलं. कॅशियरांची मेहुणी, तिचं पित्त, त्यावर तिनं केलेले उपाय, असं सगळं केस कापून होईपर्यंत चाललं. मागे बाकावर बसलेल्या ड्रायव्हरला ते पटलं नाही. त्याच्या मते हे पित्त नव्हेच, ही बसून राहिलेली हवा. "बसून?" कॅशियर म्हणाले, "दादा तर दिवसभर उभे असतात." "मग उभी राहिलेली हवा," ड्रायव्हर म्हणाला. दुकान हसलं. कित्येक महिन्यांनी हसलं.

तिथून पुढं जो येईल तो दादांच्या पोटाची चौकशी करायला लागला. लिंबू पिळून गरम पाणी प्या. लिंबाला तर शिवूच नका. डाव्या कुशीवर झोपा. रात्रीचं जेवण सोडा. सकाळचं सोडा, रात्रीचं धरा. कुणी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दोन गोळ्या हातावर ठेवी, कुणी घरून बाटली आणून देई. "सगळं लिव्हरचं आहे, लिव्हर धुऊन निघायला हवं," असं एकानं ठामपणे सांगितलं आणि लिव्हरचं टॉनिक आणून दिलं. दुसऱ्यानं त्याहून दाट टॉनिक आणलं. आणि या सगळ्या वैद्यांचे मुकुटमणी होते निवृत्त पोस्टमास्तर. ते बोलत कमी, ठसवत जास्त. त्यांनी एक हिरवट पूड आणली, स्वतः कुटलेली. "सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा. लिव्हर नवं होतं. मी रोज घेतो. माझ्याकडे बघ."

दादांनी बघितलं. मास्तर ताठ होते, आवाज खणखणीत होता. दादांनी पूड घेतली.

ते कुणालाच नाही म्हणत नव्हते. दिलेलं प्रत्येक औषध घ्यायचे, कारण दुसऱ्या दिवशी देणारा विचारायचाच, "घेतलंत ना? मग? फरक?" फरक नाही म्हटलं तर त्या माणसाचा चेहरा पडायचा. मग दादा म्हणायचे, "जरा आहे." आणि गप्पा पुढं चालायच्या. चौकातल्या दुकानात गेलेली माणसंही परत यायला लागली. थोरल्याची जागा कुणी घेईल असं दादांना कधी वाटलं नव्हतं. ती त्यांच्या पोटानं घेतली.

पोट काही बरं होईना. बायकोच्या आग्रहानं दादा एका मोठ्या तज्ज्ञाकडे जाऊन आले. तिथं घशातून दुर्बीण घालून पोट आतून पाहिलं. तज्ज्ञ घाईत होते, पण उद्धट नव्हते. रिपोर्ट पुढं सरकवून म्हणाले, "काही नाहीये. टेन्शन घेऊ नका."

दादा घरी आले ते तोंड एवढंसं करून. बायकोला वाटलं, काहीतरी वाईटच निघालं.

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मग चांगलंच की!"

"पण दुखतंय," दादा म्हणाले. "काही नाही, तर मग रोज दुखतंय ते काय?"

बायकोला थट्टा सुचली होती, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ती गिळली. खोटं पाडल्यासारखं, चोरी न करता पकडल्यासारखं ते तोंड होतं. ती म्हणाली, "उद्या आपण आपल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. बाहेर बाकं, आत एक पडदा, पडद्यामागं तपासायचं टेबल, आणि खिडकीत कुणीतरी प्रेमानं दिलेली आणि बाईंनी तितक्याच प्रेमानं सुकवलेली झाडं. बाई पन्नाशीच्या. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार 'इथं कुठंतरी' या जातीचीच असायची. कुणाच्या अंगात कसकस, कुणाच्या पोटात गुडगुड, कुणाला 'काहीच नाही हो, पण बरं वाटत नाही'. अशा माणसाला नाव असलेला आजार नसला तरी तो खोटं बोलत नसतो, हे त्या फार वर्षांपूर्वी शिकल्या होत्या. आणि यातल्याच एखाद्याच्या मागं खरोखरचं मोठं दुखणं दबा धरून बसलेलं असू शकतं, हेही त्या विसरत नव्हत्या.

त्यांनी दादांना टेबलावर निजवलं. हात आधी स्वतःच्या तळव्यावर घासून गरम केला, मग पोटावर ठेवला. दाबताना त्या पोटाकडे बघत नव्हत्या, दादांच्या तोंडाकडे बघत होत्या. प्रश्न एकेक करून आले. वजन उतरलंय? गिळताना अडकतं? उलटीत, शौचाला रक्त? शौचाचा रंग काळा? लघवी गडद? ताप? झोपेतून दुखण्यानं जाग येते? दारू? दादा प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेले. घरात कुणाला पोटाचं काही होतं का, असंही बाईंनी विचारलं. त्यालाही दादांनी त्याच ओघात 'नाही' म्हणून टाकलं. पडद्याबाहेर बसलेल्या बायकोनं ते ऐकलं.

"सध्या काय काय घेता?" बाईंनी विचारलं.

"विशेष काही नाही."

"विशेष नसलेलं सांगा."

दादा छताकडे बघत राहिले. बाई हसल्या. "असं करा, उद्या सगळं पिशवीत भरून घेऊन या. बाटल्या, पुड्या, गोळ्या, सगळं. आणि सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन जा."

दुसऱ्या दिवशी दादा एक लहानशी पिशवी घेऊन गेले. तीत दोन बाटल्या होत्या. बाईंनी त्या टेबलावर ठेवल्या, इतक्यात दादांची बायको मागून आली आणि तिनं बाजाराची मोठी पिशवी उचलून त्याच टेबलावर रिकामी केली. बाटल्या, डबे, पट्ट्या, कागदात गुंडाळलेल्या मुळ्या, बिननावाचे काढे. एक बाटली गडगडत कडेला गेली ती बाईंनी झेललीच.

"दादा," त्या म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यात एवढी औषधं नाहीत."

रक्ताचा रिपोर्ट आला त्यात लिव्हरचे आकडे वर गेलेले होते. फार नाही, पण असायला हवेत त्याच्या वरच. दादांच्या पोटात गोळा आला, आणि हा गोळा नेहमीचा नव्हता.

"म्हणजे लिव्हर गेलं?"

"गेलं नाही. वैतागलंय," बाई म्हणाल्या. "जे पोटात जातं त्यातलं बहुतेक सगळं लिव्हरला निस्तरावं लागतं. तुम्ही त्याच्या मदतीला इतकी माणसं पाठवलीत की त्यांची सरबराई करण्यातच ते दमलं. थोडी चरबीही असू शकेल त्यात, ते बघू. पण पहिलं काम म्हणजे हे सगळं बंद. टॉनिक, पूड, काढे, सगळं. मग काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासू."

"आणि औषध?"

"पित्ताची एकच गोळी, सकाळी, जेवणाआधी. तीही थोडे दिवस. आणि दुपारी दुकान बंद करून बसून जेवायचं. उभ्यानं, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये चार घास कोंबायचे नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच. बरोबर धीर धरायचा. तो माझ्याकडे मिळत नाही, तुमचा तुम्हालाच आणावा लागेल."

औषध बंद करणं हेच औषध, ही गोष्ट दादांच्या बायकोला लगेच पटली. दादांना पटायला वेळ लागला, कारण त्यांना माहीत होतं की बाटल्या बंद केल्या की आणखीही काहीतरी बंद होणार. आणि झालंही तसंच. "सध्या काही घेत नाही, डॉक्टरांनी मना केलंय," असं ते म्हणायला लागले की समोरचा "असं होय" म्हणून गप्प बसे. कॅशियर आपल्या मेहुणीचं पित्त गुंडाळून वर्तमानपत्रात शिरले. टॉनिकवाले जरा दुखावले. पोस्टमास्तरांना तर रागच आला.

"पूडसुद्धा?"

"सगळंच, मास्तर."

"तुझ्या डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक पूड? मी इतकी वर्षं घेतोय. हल्ली जरा थकवा होता तर मात्रा वाढवली, दुप्पट केली. कुठं काय झालं मला?" ते उठून गेले, आणि बरेच दिवस फिरकले नाहीत.

आठवडे गेले. रक्त पुन्हा तपासलं. आकडे उतरले होते. बाईंनी रिपोर्ट दाखवून सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, दादांचा चेहरा खुलेल. तो खुलला नाही.

"दुखतं का अजून?"

"दुखतं."

"पूर्वीइतकं?"

"जरा कमी. पण आहे." दादा गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे बघत होते. मग जो माणूस 'हं' आणि 'हंहं' यांवर संसार करत होता तो बोलायला लागला. "मॅडम, तुम्ही घरातल्यांचं विचारलं होतं. मी नाही म्हणालो. माझा थोरला भाऊ... त्यालाही असंच होत होतं. इथंच कुठंतरी. आम्ही गॅस म्हणायचो. तोही म्हणायचा. थट्टा करायचा, म्हणायचा माझ्या पोटात गॅसची एजन्सी उघडलीय. त्यालाही सगळ्यांनी काही नाही, काही नाही, असंच सांगितलं. मीही सांगितलं. मग पाठ दुखायला लागली, पॅन्ट ढिली झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो..." दादांनी बोटं एकमेकांत अडकवली. "दुकानातल्या आरशात तो मला दिवसभर दिसायचा, मॅडम. माझ्या डोळ्यांदेखत वाळत होता. मला दिसलं नाही."

बाहेर बाकावर माणसं होती. बाईंनी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.

"मला हे आधी सांगायला हवं होतंत," त्या म्हणाल्या, पण आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "ते दुखणं फार लपून बसतं. तुमचे भाऊ सुरुवातीला आले असते तर मीसुद्धा कदाचित पित्ताचीच गोळी दिली असती. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. खरं आहे म्हणून सांगतेय."

"मग माझं?"

"तुमचं वजन उतरलेलं नाही, उलट थोडं वाढलंय. भूक आहे. आकडे सुधारतायत. त्या दुखण्याची लक्षणं मला तुमच्यात दिसत नाहीत. तरी सोनोग्राफी करून घेऊ, लिव्हर आणि स्वादुपिंड, जेवढं दिसतं तेवढं बघू. त्यात काही नाही आलं तरी मी तुम्हाला 'काही नाही, जा' असं म्हणणार नाही. तुम्ही ठरल्या तारखेला यायचं. दुखलं तरी यायचं, नाही दुखलं तरी यायचं. मी हात लावून बघेन, वजन करेन, विचारेन. काही बदललंच तर ते आपल्या दोघांच्या नजरेतून सुटू नये एवढंच बघायचं."

सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी दिसली, बाकी सगळं ठीक होतं. त्या संध्याकाळी दादांनी बायकोला ते सांगितलं, आणि मग, तिनं काही न विचारता, थोरल्याच्या शेवटच्या आठवड्यांबद्दल सांगितलं. वॉर्डात थोरल्याची दाढी तेच करायचे. गाल इतके आत गेले होते की वस्तरा चालवायला बोटानं कातडी ओढून धरावी लागायची. बायकोनं शेगडीवरचं तसंच ठेवून गॅस बंद केला आणि ती त्यांच्याजवळ येऊन बसली. एवढ्या वर्षांत दादा एका दमात इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

पोस्टमास्तर परत आले ते एका दुपारी. राग गेला होता की दाढी फार वाढली होती, कोण जाणे. येऊन खुर्चीत बसले आणि नुसते म्हणाले, "कर."

दादांनी कापड गळ्याभोवती बांधलं. बांधताना गाठ नेहमीपेक्षा बरीच आत गेली. मानेचं हाड वर आलं होतं. दादांनी साबणाचा फेस लावला, वस्तरा उचलला आणि एक गाल उरकला. मास्तर मान आणि हात खाजवत होते, कापडाखालीही त्यांची बोटं थांबत नव्हती. मग दुसऱ्या गालासाठी त्यांनी डोकं मागं टेकलं, डोळे वर केले, आणि दादांचा हात हवेतच राहिला.

डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसत होतं. दुकानातला दिवाही पिवळाच होता. दादा म्हणाले, "मास्तर, जरा दारापाशी या. कल्ले उजेडात बघतो." मास्तर अर्धा फेस तोंडावर घेऊन कुरकुरत दारापाशी आले. उन्हात डोळे हळदीसारखे पिवळेधमक दिसले.

बोलायचं म्हटलं की दादांची वाक्यं वाटेत अडायची. या वेळी अडलं नाही.

"मास्तर, डोळे पिवळे झालेत तुमचे. लघवी गडद होतेय का?"

"तुला काय करायचंय?"

"भूक?"

"दाढी करतोयस की पंचनामा?"

"तुम्ही आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे चला. ती पूड बंद करा. मलाही तिनंच, म्हणजे त्यातल्याच कशानंतरी..."

"म्हणजे मी तुला विष दिलं?" मास्तरांचा आवाज चढला. "मायेनं कुटून दिली, फुकट दिली, आणि आता लोकांसमोर माझी अब्रू काढतोस? केसानं गळा कापलास दादा माझा!" त्यांनी गळ्यातलं कापड ओढून बाकावर टाकलं आणि ते अर्ध्या दाढीनिशी, एका गालावर फेस तसाच ठेवून, रस्त्यानं चालू लागले. जाणारी-येणारी माणसं थांबून बघत होती.

दादांनी आत बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. "दुकान बंद करतोय," ते म्हणाले, "माफ करा," आणि खरोखरच शटर ओढलं. आधी ते घरी गेले, बायकोला घेतलं, कारण मास्तर आपलं ऐकणार नाहीत, पण बाईमाणसासमोर आवाज चढवायचे नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दार उघडंच होतं. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, पंच्यानं तोंड पुसून. समोर दगडी खलबत्ता होता, त्यात अर्धवट कुटलेली पूड. दादांच्या बायकोनं काही न बोलता आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "काका, जेवलात कधी?"

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "जातच नाही गं," म्हणाले. "चार दिवस झाले असतील. म्हटलं मात्रा वाढवली की भूक लागेल."

"चला आमच्याबरोबर."

"ही तिची पूड आहे," मास्तर खलबत्त्याकडे बघत म्हणाले. "ती करायची. सगळ्यांना वाटायची. ती गेल्यावर मी करायला लागलो. एखादी पाला-मुळी मिळाली नाही की दुसरी घालायचो. दुकानदार म्हणायचा, एकच गुण आहे." मग त्यांनी दादांकडे बघितलं. "तुला खरंच त्रास झाला हिचा?"

"झाला असेल. नक्की कोण सांगणार, मास्तर. मी तर दहा गोष्टी घेत होतो," दादा म्हणाले. "पण बंद केल्यावर उतरला."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना पाहिलं आणि एक मिनिट घालवलं नाही. चिठ्ठी लिहून, फोन करून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि पुडीचा डबाही बरोबर दिला. मास्तर तिथं दोन-तीन आठवडे होते. पित्ताच्या नळीत काही अडलंय का, काही वाढलंय का, कुठला विषाणू आहे का, हे सगळं तपासून झालं. काहीच सापडलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुडीतल्या नेमक्या कशानं हे झालं ते ठामपणे सांगता येणार नाही, पण बहुधा पूडच. आणखी थोडे दिवस घेतली असती तर लिव्हर हातचं गेलं असतं.

दादा एक दिवसाआड दुपारचं जेवण आटोपून, वस्तरा आणि वाटी घेऊन हॉस्पिटलात जायचे. पहिल्या दिवशी वॉर्डाच्या दारात त्यांचे पाय अडले. तोच फिनेलचा वास, खाटांच्या तशाच रांगा. त्यांनी एकदा भिंतीला हात लावला आणि मग आत गेले. मास्तरांच्या एका गालावरची दाढी दुसऱ्या गालापेक्षा मोठी होती.

"नर्स हसतायत मला," मास्तर म्हणाले.

"हसतीलच. माझ्याकडचं अर्धं काम आहे ते," दादा म्हणाले, आणि त्यांनी गालावर पाणी लावलं.

दोघं त्या पुडीबद्दल पुन्हा फार बोलले नाहीत. मास्तर एकदाच म्हणाले, "मी आणखी कुणाकुणाला दिली होती, ते आठवून ठेवलंय. बरा झालो की प्रत्येकाकडे जाऊन सांगणार." आणि बरे झाल्यावर ते खरंच गेले. अशक्त पायांनी, काठी घेऊन, ते घरोघर फिरले. काही ठिकाणी लोकांनी चहा दिला, काही ठिकाणी ऐकवलं. एके ठिकाणी कळलं की पूड घेतलीच नव्हती, पहिल्याच दिवशी कुंडीत टाकली होती. मास्तरांना ते जितकं लागलं तितकाच त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतला पिवळेपणा जायला मात्र महिने लागले.

दुकानात पुन्हा बोलणं सुरू झालं, पण हळूहळू. दादांच्या तोंडून कधीमधी थोरल्याचं नाव निघायला लागलं. तो कसा बोलायचा, बुटांच्या सोलवर त्याचं काय मत होतं. जुन्या गिऱ्हाइकांकडे त्याच्या गोष्टी भरपूर होत्या. कित्येक तर दादांनाच ठाऊक नव्हत्या, कारण त्या वेळी ते मान खाली घालून कात्री चालवत होते. काही गिऱ्हाइकं चौकातल्या टीव्हीवाल्याकडे गेली ती गेलीच. त्याला इलाज नव्हता.

आणि दादांचं पोट? ते पूर्ण बरं झालं असं म्हणता येत नाही. कित्येक आठवडे चांगले जातात. मग एखाद्या दिवशी ते जड पुन्हा येऊन बसतं, त्याच जागी, कुठंतरी.

मध्यंतरी असंच झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधीच दुखायला लागलं, आणि जुनी भीती पाठोपाठ आली. ठरलेली तारीख अजून लांब होती. दादा रस्त्यात उभे राहिले, दुकानाकडे जावं की दवाखान्याकडे याचा विचार करत. मग दवाखान्याकडे वळले. बाई नुकत्याच येऊन दिवे लावत होत्या.

"तारीख नाही आज," दादा म्हणाले.

"माहीत आहे. निजा."

हात घासून गरम झाला, पोटावर आला. बाईंनी वजन बघितलं, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, दोन-चार प्रश्न विचारले. "मला नवीन काही लागत नाहीये हाताला," त्या म्हणाल्या. "आज दुखतंय मात्र खरं. रात्री काय झालं होतं?"

दादांनी विचार केला. "झोप नव्हती. आज थोरल्याचा वाढदिवस असतो."

बाई टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या. दादा उठले, शर्टाची बटणं लावली. दुखणं होतं तिथंच होतं. दुकानापाशी पोचले तेव्हा शटरसमोर ड्रायव्हर वाट बघत उभा होता, केस वाढून कानांवर आलेले.

"उशीर झाला का रे?" दादा किल्ली काढत म्हणाले. "ये, बस. पाऊस पडेल असं वाटतंय."